आणखी एक हात मेणाचा

गणपतीची चवथ सरली, मूर्तीवर टांगलेल्या माटोळीला बांधलेली फळं उतरवून वाटून झाली, की गोव्यातल्या आमच्या नार्व्याच्या हवेला एक सुका, गोडसर वास येऊ लागतो. नदीकाठची भातं पिवळी पडत असतात. दुपारी तांबडे चतुर अंगणभर भिरभिरतात आणि पावसाळाभर कपाटात कोंडलेल्या चादरी एकदाच्या दांडीवर येतात. आमच्या घरी या सगळ्यात आणखी एक वास मिसळतो. थोडा खोबऱ्याच्या वडीसारखा, थोडा नव्या चपलेसारखा. तो गाडीच्या मेणाचा. काल माझ्या बायकोनं, रजनीनं, फळीवरचा चपटा डबा खाली काढला, माझ्यासमोर ठेवला आणि काही न बोलता आत गेली. दसरा जवळ आला हे आमच्याकडे असं कळतं.

झाकण फिरवून उघडलं आणि पिवळट मेणावर गेल्या वर्षीच्या माझ्याच बोटांचा खळगा दिसला. त्या खळग्यात बोट घातलं की मी थेट त्या मोसमात जातो. इतका सुखाचा मोसम माझ्या वाट्याला पुन्हा आला नाही, आणि इतकी वर्षं मनाला जे टोचत राहिलं तेही त्याच मोसमातलं. दोन्ही एकाच डब्यात राहतात. मी मुळात कमी बोलणारा. पेडण्याच्या कचेरीत माझ्या टेबलाशी येणारी माणसंसुद्धा काम झालं की लगेच उठतात, गप्पांना बसत नाहीत. पण यंदा एक गोष्ट माझ्या तोंडून अखेर बाहेर पडली, म्हणून लिहायलाही धीर आला आहे.

गाडी बाबांची. मरून रंगाची, चार दारांची. आता जुनी. बाबा आयुष्यभर खाणीवरचा टिपर चालवत. डिचोलीच्या खाणींतून लाल माती नदीवरच्या धक्क्यावर ओतायची, तिथून ती बार्जमधून मुरगावला जायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या पोरानं पांढरी दाखवली, करडी दाखवली. बाबांनी मरूनवर बोट ठेवलं. म्हणाले, आमच्या रस्त्यांवर गाडी शेवटी ह्याच रंगाची होणार, मग आधीपासूनच तशी घेतलेली बरी. त्या गाडीतून ते बाजारात जात, देवळात जात, फेरीबोटीतून दिवाडीला जात, आणि काही काम नसलं तर नुसतेच एक फेरी मारून येत. घरी आल्यावर चावी खिळ्याला अडकवण्याआधी शर्टाला पुसत.

त्या वर्षी श्रावणात त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलं आहे असं रजनीच्या लक्षात आलं. बाजूला ठेवलेला चहाचा कप ते हातानं चाचपत होते. मी त्यांना म्हापशाच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेलो; बसनं जाऊ, असं बाबाच म्हणाले. तपासून झाल्यावर बाबांना स्टुलावर बसवून डॉक्टर हिरवा पडदा सारून मला पलीकडे घेऊन गेले. हळू आवाजात म्हणाले, काचबिंदू आहे, समोरचं दिसतं पण बाजूचं पुष्कळ गेलेलं आहे, थेंबांनी आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही. गाडी मात्र आता बंद. तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील.

माझं ऐकतील! बापाला काही सांगायचं म्हणजे काय असतं, हे त्या डॉक्टरला ठाऊक नसावं. परतीच्या वाटेवर बसमध्ये बाबांनी विचारलं, काय म्हणाला. मी खिडकीकडे बघत म्हटलं, सकाळ-संध्याकाळ थेंब घाला म्हणाला, बाकी ठीक. एका माणसाच्या डोळ्यांविषयी त्याच्याआधी मला कळलं आणि ते मी खिशात घालून घरी आणलं. रजनीला तेवढं सांगितलं; बाबांपुरतं ते पुढे कितीतरी वर्षं तिथंच राहिलं.

चवथीपर्यंत निभावलं. पाऊस होता, घरात पाहुणे होते, गाडी माटवाखाली उभी होती. हा माटव म्हणजे अंगणातला चुडतांचा, माडाच्या झावळ्यांचा मांडव. पण मग ऊन पडलं आणि बाबा चावीकडे बघू लागले.

मेणाची सुरुवात अगदी प्रामाणिक होती, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. पावसाळ्यानं गाडीची पार रया गेली होती. काचांच्या रबरात शेवाळ, टपावर फणसाच्या पानांचे डाग. मी मोबाइलवर बघून बघून शिकलो. म्हापशाच्या दुकानातून सीलंटची बाटली आणली आणि कार्नाउबा मेणाचा डबा आणला. आधी गाडी दोन बाल्द्यांनी धुवायची, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. सुकवायची. मग सीलंट. हे कारखान्यात तयार झालेलं, रंगाला घट्ट धरून बसणारं. पातळ हात फिरवायचा, थोड्या वेळानं पुसून घ्यायचा आणि मग रात्रभर गाडीला कोरड्यात नुसतं उभं राहू द्यायचं, म्हणजे ते आतून आवळतं. त्यानंतर वर मेण. उलट केलं तर चालत नाही. खाली मेण असेल तर सीलंटला धरायला जागाच मिळत नाही. टिकण्याचं काम सीलंटचं. मेण महिना-दोन महिन्यांत उन्हानं उडून जातं, पण ते असतं तोवर रंगाला अशी खोली येते की मरून रंगात वाकून पाहावंसं वाटतं.

सीलंट लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाल्या पदेराच्या सायकलचा हॉर्न वाजला. मी उंडे घेतले आणि वळून पाहतो तर बाबा चावी शर्टाला पुसत माटवात उभे.

"सुकलां मरे?" त्यांनी विचारलं.

सुकलं होतं. बोट लावून मी आत्ताच पाहिलं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "ना बाबा, अजून ओलां आसा."

त्यांनी मान हलवली आणि चावी परत खिळ्याला अडकवली. इतकं सोपं होतं ते. मी उंड्यांची पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. मला शरम वाटायला हवी होती. वाटली ती सुटका.

मग सीलंट आठवडाभर सुकत राहिलं. ते संपल्यावर मेणाचा पहिला हात झाला, आणि मेणालाही सुकायला वेळ लागतो असं मी सांगितलं. खरं तर मेण हातभर जागेवर लावावं, धुरकट झालं की पुसावं, झालं. पण मी एका दिवशी बॉनेट करायचो, एका दिवशी एकच दार. कचेरीतून स्कूटरवरून परतलो की कपडे बदलून सरळ माटवात. बाबा आधीच खुर्ची टाकून बसलेले असत. सुरुवातीला मला वाटलं, चावीची वाट बघतात. नंतर ते बोलू लागले.

मेण कसलं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं की ब्राझीलमध्ये एक माडासारखं झाड असतं, त्याच्या पानांवर हे धरतं, पानं सुकवून झटकली की पडतं. त्यांनी डबा हातात घेऊन वास घेतला. मग माटवाच्या चुडतांकडे मान वर केली, पुन्हा डब्याकडे पाहिलं.

"काजूय थंयचेच," ते म्हणाले. "पाकले गेले पूण झाडां धाडूंक सोडूंक नात."

पोर्तुगिजांना आमच्याकडे पाकले म्हणतात; ते गेले तरी झाडं पाठवणं त्यांनी सोडलं नाही, असं बाबांचं म्हणणं. आणि काजूचं झाडही त्यांनी त्याच देशातून आणलेलं. बाबांना या नात्याची इतकी गंमत वाटली की ते पुढचे दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून वास देत होते.

एका संध्याकाळी त्यांनी नव्या टिपरचा किस्सा सांगितला. त्यांच्या ताब्यात पहिल्यांदाच कोरा टिपर आला होता आणि दसरा होता. चमक यावी म्हणून बाबांनी आणि त्यांच्या क्लीनरनं टिपरला खोबरेल तेल लावलं. वाटीनं नव्हे, चांगलं डबाभर. सकाळी डिचोलीच्या रस्त्यावर लोक वळून बघत होते. दुपारपर्यंत खाणीतली सगळी लाल धूळ त्या तेलाला येऊन चिकटली. टिपर कुठं संपतो आणि मातीचा ढीग कुठं सुरू होतो ते कळेना. मुकादमानं तर दुसऱ्या टिपरवाल्याला हाक मारून, बाबा आत बसलेले असताना, तो ढीग उचलायला सांगितला. हे सांगताना बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला आणि मी मेणाचा हात तसाच हवेत धरून हसत राहिलो. माझ्या बापाचं हे हसणं मला माहीत नव्हतं. माझ्या लहानपणी ते लाल होऊन यायचे, आंघोळ करून, जेवून झोपायचे.

असे किस्से रोज. मेणाच्या हाताला एक किस्सा. माटवाच्या चुडतांतून ऊन तिरकं यायचं, गाडीवर पट्टे पडायचे. कापडाचा घर्र घर्र आवाज, मग मेण निघाल्यावर तेच कापड निसटू लागायचं, हाताखाली काही नसल्यासारखं. बाबा उठून हाताच्या मागच्या बाजूनं दार चाचपायचे. टिपरवाल्याचा तळहात खडबडीत, त्याला कळत नाही, म्हणून मागची बाजू. आणि पसंतीची मान हलवायच्या ऐवजी म्हणायचे, "हांगा आनीक एक हात मार."

माझा मीच त्या वाक्याची वाट पाहू लागलो. बॉनेटवर डाव्या बाजूला एक वीतभर ओरखडा होता, चांगला खोल, नख अडकेल असा. मी विचारलं तर बाबा म्हणाले चुडत पडलं. तिथं तर ते रोज आणखी एक हात मारायला लावायचे. गाडीला इतक्या मेणाची गरज नव्हती. तिसऱ्या हातानंतर चमक वाढत नाही, नुसतं मेण जातं. पण मी लावत होतो आणि ते लावून घेत होते.

रजनी हळर्णची. सासरी येऊन इतकी वर्षं झाली तरी तिची जीभ माहेरचीच. एकदा चहा ठेवताना म्हणाली, आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशीलासुद्धा एवढं चोळत नाहीत. बाबा हसले. पण रात्रीचं जेवण आटोपल्यावर भांडी लावताना ती मला हळूच म्हणाली, "अहो, मेण गाडीला लावताय की स्वतःच्या तोंडाला?"

ती पुढे म्हणाली की डोळे त्यांचे आहेत, त्यांना सांगायला हवं, आणि असं किती दिवस सुकत राहणार. बरोबरच होतं. मी उद्या सांगतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी माटवात गेलो, बाबांनी डब्याचं झाकण उघडून ठेवलं होतं, आणि मी मागच्या दाराला सुरुवात केली.

माझ्या मनावर ओझं असायचं ते याचंच. खोटं बोललो, ते तर आहेच. पण त्या खोट्यात मी सुखी होतो. बापाचे डोळे मावळत होते आणि मी कचेरीत घड्याळाकडे बघत होतो, कधी सुटतं आणि कधी माटवात जातो म्हणून.

दसरा आला. आदल्या संध्याकाळी मी मेणाचा अखेरचा हात दिला, कारण दसऱ्याला गाडी बाहेर निघणारच होती. पूजा झाली की चारी चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी त्यांच्यावरून पुढे काढायची, मग देवळापर्यंत नेऊन आणायची. आणि हे ज्याची गाडी त्यानं करायचं. रात्रभर मला झोप नाही. सकाळी ते चावी शर्टाला पुसतील आणि मला तोंड उघडावं लागेल.

सकाळी रजनीनं रोजांच्या फुलांची माळ केली, आंब्याची पानं आणि नव्या भाताची कणसं त्यात ओवली. झेंडूला आम्ही रोजां म्हणतो. बाबा धुतलेल्या धोतरात. रजनीनं वाटीत हळद कालवली आणि बॉनेटवर बोटानं स्वस्तिक काढायला घेतलं. बोट फिरलं, पण हळद काही धरेना. तिचे मणी झाले, टपोरे, पिवळे, आणि ते गडगडत खाली गेले. तिनं पुन्हा काढलं. पुन्हा मणी. कुंकू लावलं तर त्याचीही तीच गत. बंपरखाली पिवळं-लाल तळं साचलं.

"देवालाही धरू देत नाही तुमची गाडी," रजनी म्हणाली. "घाला आणखी मेण."

बाबा आधी नुसते बघत होते. मग त्यांच्या खांद्यापासून हसू सुरू झालं. मीही हसलो. रजनी रागावल्याचं दाखवत होती, पण तिचाही पदर तोंडाला गेला. शेवटी तिनं सगळी वाटीच बॉनेटवर ओतली, देवा तूच बघ म्हणून. सगळी हळद ओघळून गेली. राहिली ती फक्त ओरखड्यात. मरून रंगावर वीतभर लांब, बारीक, पिवळीजर्द रेघ.

आम्ही तिघंही त्या रेघेकडे बघत राहिलो. बाबांचं हसू थांबलं.

"चुडत न्हय तें," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, गाडीकडे बघत, आमच्याकडे नाही. म्हापशाला गेलो त्याच्या थोडं आधी ते दिवाडीला निघाले होते. फेरीच्या धक्क्याचा उतार पावसानं भिजलेला, वर ऊन पडलेलं. उतार कुठं संपतो आणि पाणी कुठं सुरू होतं ते त्यांना दिसलंच नाही. सगळं एकच चकचकीत. गाडी जात राहिली. फेरीवरचा खलाशी धावत पुढे आला आणि हातातली लोखंडी साखळी बॉनेटवर आपटून ओरडला, तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. त्यानं शिव्या दिल्या, त्या बरोबरच होत्या, असंही बाबा म्हणाले. परत येऊन त्यांनी गाडी माटवात लावली, आणि त्यानंतर चावीला हात लावायची भीती वाटत होती. रोज शर्टाला पुसायचे ते सवयीनं. मी ओलं आहे म्हटलं की बरं वाटायचं.

बोलण्याची तीच वेळ होती, आणि मी लिंबं आणायला आत गेलो.

परत आलो तर बाबा डावीकडचं दार उघडून बसले होते. टिपर सोडल्यापासून नव्हे, टिपर धरल्यापासून हा माणूस कुठल्याही गाडीत डावीकडे बसला नसेल. त्यांनी खिडकीतून चावी माझ्यापुढे धरली.

"लिंबां तूंच मोड," म्हणाले.

मी लिंबं चाकांखाली ठेवली आणि बसलो. चारीचे फटफट आवाज आले, आणि आंबट वास आत शिरला. देवळापर्यंत जायचं ते आम्ही पुढे हळर्णला गेलो, रजनीच्या माहेरी, नदी ओलांडून, कापणीला आलेल्या शेतांमधून. बाबा सगळ्या वाटेनं मला गाडी शिकवत होते. वळणावर हॉर्न. उतारावर गियर. समोरच्याला आधी जाऊ दे, घाई त्याला आहे. मागच्या सीटवर रजनी तोंडाला पदर लावून हसत होती, कारण मी वीस वर्षं तरी गाडी चालवत होतो. रस्त्याकडेची माणसं गाडीकडे वळून बघत होती. बाबांना ते दिसत नसावं, म्हणून मी सांगत गेलो. आता एक मास्तर बघताहेत. आता म्हशीवाला. आता म्हैस. बाबा खूश.

त्याला बरीच वर्षं झाली. दर वर्षी चवथीनंतर माटवात आमचा मोसम भरतो. सीलंट, मग मेण. गावातले लोक आता म्हणतात, ह्या बापलेकांना गाडी आहे की नवरी. बाबांना आता समोरचंही अगदी थोडं दिसतं, नळीतून पाहावं तसं. चमक दिसत नाही. पण त्यांची पारख हाताच्या पाठीनं चालते आणि ती माझ्या डोळ्यांपेक्षा कडक आहे. किस्से पुन्हा तेच असतात. टिपर दर वर्षी जास्त तेल पितो. मी न चुकता हसतो, आणि ते हसू खोटं नसतं.

तेवढं एक मात्र तिथंच अडकून होतं. त्यांनी आपला उतार मला सांगून टाकला होता. माझा पडदा मी सांगितला नव्हता. दर दसऱ्याला ठरवायचो आणि लिंबं आणायला आत जायचो.

काल संध्याकाळी बॉनेटवर मेण धुरकट झालं होतं. मी पुसत होतो, बाबा खुर्चीवर. ऊन तिरकं. कुठून धीर आला सांगता येत नाही. कदाचित हात कामात होते आणि नजर गाडीवर होती म्हणून. मी म्हटलं, "बाबा, त्या वर्सा म्हापशांत डॉक्टरान माका कुशीक व्हरून सांगिल्लां. दोळ्यांचां. गाडी बंद म्हूण. हांवें तुमकां सांगलां ना."

कापड थांबलं. बाबा उठले, चाचपत आले आणि हाताची पाठ बॉनेटवर फिरवू लागले.

"पडदो आसलो तो," ते म्हणाले. "दार न्हय."

मला कळलं नाही.

"हिरवो पडदो. डॉक्टर त्या कुशीक, हांव ह्या कुशीक स्टुलार. दोळे गेल्ले पुता, कान न्हय."

खिडकीत भांड्याचा आवाज थांबला. रजनी तिथं होती. मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत. बसमध्ये मला विचारलंत, ते कशाला.

बाबांचा हात बॉनेटवर पुढे सरकला. मग म्हणाले, "उलयल्यार तूं मेण सोडून भितर गेल्लो आसतो."

ते बोलले असते तर मी खरंच आत गेलो असतो. मी तसाच आहे. जे बोलायचं होतं ते संपलं असतं, तर उठून हात धुवायला गेलो असतो, आणि टिपर कुठं संपतो नि ढीग कुठं सुरू होतो ते मला कधीच कळलं नसतं. मी खिशात घालून ठेवलेलं त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ते खुर्ची टाकून बसून राहिले होते. रोज चावी पुसून विचारत होते, सुकलं का, म्हणजे मी नाही म्हणावं.

त्यांचं बोट ओरखड्यावर आलं. आता तो ओरखडा बुजत आला आहे. इतक्या वर्षांचं मेण आणि इतक्या दसऱ्यांची हळद त्यात आहे. मला तो दिसतसुद्धा नाही. त्यांना लागतो.

"हांगा आनीक एक हात मार," ते म्हणाले.

खिडकीतून रजनी म्हणाली की पुरे झालं आता, दसरा तोंडावर आला आहे, मेण वाढवलंत तर परत हळद धरणार नाही.

"धरतली," बाबा म्हणाले. "जंय धरपाची थंय धरतली."

मी कापड खांद्यावर टाकलं आणि डब्यात बोट बुडवलं.